हुजूरपागा आणि आपली इंदापूरची लेक

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘काहीतरी इतिहासाचे लिहा’ अशी आज्ञा चिटणीसबाईंकडून आली, तेव्हा प्रथम मनात आले ते आपल्या गावचेच विषय. बाबूजी नाईकांचा वाडा आहे, त्यांच्या आश्रयाने बारामतीत राहून आर्या रचणारे मोरोपंत आहेत. पण त्यांच्यावर पुष्कळांनी लिहिले आहे आणि पुढेही लिहितील. मी आज एका शाळेविषयी लिहिणार आहे. ती शाळा पुण्यात आहे. तिचा आणि आपला संबंध काय, असे तुम्ही विचाराल. तो संबंध सांगण्यासाठीच हा लेख आहे. पण त्याआधी एक लहानशी हकिगत सांगते.

मागल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एका शाळेच्या माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्याला गेले होते. मंडप मोठा होता, रांगोळ्या सुरेख होत्या, दारात पेढे वाटले जात होते. व्यासपीठावर डॉक्टर झालेल्या, मोठ्या हुद्द्यावर चढलेल्या, परदेशी जाऊन नाव काढलेल्या मुली बसल्या होत्या. एकेकीला शाल-श्रीफळ मिळाले. प्रत्येकीने ‘मी शाळेची ऋणी आहे’ असे गोड शब्दांत सांगितले. टाळ्या झाल्या. आम्हांला गणित शिकवणाऱ्या बाई मात्र तिसऱ्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसल्या होत्या. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी त्या शाळेत खडू झिजवला. त्यांचा सत्कार कार्यक्रमपत्रिकेत अगदी शेवटी होता; तोवर जेवणाची वेळ झाली आणि तो घाईघाईत उरकला गेला. बाईंना त्याचे काही वाटलेले दिसले नाही. निघताना त्यांनी माझा हात धरला आणि विचारले, “तुझ्या वर्गात ती पुढच्या बाकावर बसायची बघ, गणितात फार तल्लख. नववीत असताना लग्न झालं तिचं. कुठं असते गं ती?”

मला उत्तर देता आले नाही. परंतु घरी येताना एक विचार मनात घर करून बसला. शाळेची कीर्ती आपण मोजतो ती नामवंत विद्यार्थ्यांवरून. शिक्षक मात्र आपल्या मनातला हजेरीपट वेगळाच ठेवतात. त्यात पुढे गेलेल्यांची नावे असतात, तशीच मध्येच गळालेल्यांचीही असतात. मग शाळेचा इतिहास लिहायचा तो कोणत्या हजेरीपटावरून? हा प्रश्न मनात ठेवूनच हुजूरपागेची गोष्ट ऐकावी, अशी माझी विनंती आहे.

मुलींना अक्षरओळख करून द्यावी की नाही, या वादाला पुण्यात तोंड फुटले ते सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली तेव्हा. सावित्रीबाईंनी अंगावर शेणमाती झेलून ते काम चालू ठेवले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यानंतर मुलींच्या प्राथमिक शाळा हळूहळू वाढल्या. १८७० साली स्त्री-शिक्षिका तयार करण्यासाठी पुण्यात ट्रेनिंग कॉलेजही निघाले. पण चार यत्ता झाल्या की मुलीची पाटी उतरंडीमागे जाई. पुढे इंग्रजी शिकावे, मॅट्रिक व्हावे, अशी हायस्कूलची सोय मुलींसाठी नव्हती. मुलगा हुशार निघाला तर त्याला वाट होती. मुलगी हुशार निघाली तर तिच्या हुशारीचे करायचे काय, हे कोणाला ठाऊक नव्हते.

ही उणीव भरून काढण्याचे मनावर घेतले ते पुढे न्यायमूर्ती म्हणून विख्यात झालेले महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक, शंकर पांडुरंग पंडित आदी मंडळींनी. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन पुण्यास असताना १८८४ साली हिराबागेत सभा भरली. मुलींसाठी हायस्कूल काढावे, अशी मागणी त्यांच्यापुढे मांडायची होती. ती मांडणार कोण? मुलींची मागणी बाईनेच मांडावी, असे ठरले आणि ते काम आले रमाबाई रानड्यांवर.

रमाबाई तेव्हा विशीतल्या. लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पतीने रात्री दिवा जवळ ओढून त्यांना शिकवले होते. पुढे इंग्रजीही त्या शिकल्या. त्या सभेत, गव्हर्नरसाहेबांच्या आणि शहरातील प्रतिष्ठित पुरुषांच्या समोर, त्यांनी इंग्रजीतून ते निवेदन वाचले. सभेत कौतुक झाले. पण घर म्हणजे हिराबाग नव्हे! घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना जे बोल लावले, त्याची हकिगत रमाबाईंनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. सभेत इंग्रजी वाचणारी सून घरी आली आणि मान खाली घालून टोमणे ऐकत राहिली. आपल्यापैकी ज्यांनी सासरच्या चुलीपुढे बसून परीक्षेचा अभ्यास केला असेल, त्यांना त्या रात्रीचे मोल अधिक सांगायला नको.

मागणी वाया गेली नाही. २९ सप्टेंबर १८८४ रोजी मुलींचे हायस्कूल सुरू झाले. शेजारच्या गोष्टीही ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. त्याच वर्षी, २४ ऑक्टोबरला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि मुलांच्या उच्च शिक्षणाची वाट पुण्यात रुंदावली. आणि इकडे आपल्या कोरड्या मुलखात, १८८५ च्या सुमारास, नीरा डाव्या कालव्याचे पाणी वाहू लागले. बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला कालवा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पाणी आले त्या दिवशी मळा हिरवा होत नाही. पाट काढावे लागतात, बांध धरावे लागतात, रात्री-अपरात्री कंदील घेऊन पाणी वळवायला जावे लागते. शाळेचेही तसेच आहे. सरकारी मंजुरी आणि देणगी ही धरणाची भिंत झाली. वाफ्यापर्यंत पाणी नेणारे हात शिक्षकांचे असतात.

या शाळेला पुढे जागा मिळाली ती पेशव्यांच्या खास घोडदळाची पागा जेथे होती तेथे. ‘हुजूर पागा’ हे त्या जागेचे नाव शाळेला कायमचे चिकटले. सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांचे नाव शाळेच्या रीतसर नावात आहे. पण पुण्यातल्या टांगेवाल्याला ते कधी सांगावे लागले नाही, ‘हुजूरपागा’ म्हटले की पुरे. सर विल्यम वेडरबर्न यांनी आपल्या दिवंगत बंधूंच्या स्मरणार्थ १०,००० रुपये दिले. ज्या जागी घोडे बांधले जात, तेथे मुली ओळीने बसून भूमिती शिकू लागल्या, यात काळाचा केवढा पालट आहे, तो पाहा.

विरोध झाला नाही असे नव्हे. आणि तो क्षुद्र माणसांनी केला, असेही म्हणता येणार नाही. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी १८८७ साली या शाळेच्या अभ्यासक्रमावर कडक टीका केली. मुलींना मुलांसारखेच इंग्रजी शिक्षण कशाला? अकरा ते पाच शाळेत बसल्यावर घरकाम त्या केव्हा शिकणार? असा त्या टीकेचा रोख होता. लोकमान्यांविषयी आपल्या मनात जो आदर आहे, तो तिळमात्र कमी न करता एवढे म्हटले पाहिजे की, या एका बाबतीत काळाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. तो निकाल कोणी भाषण करून मिळवलेला नाही. ज्या आयांनी मुलीची वेणी घालून तिला अकराच्या आत शाळेत धाडले, ज्या शिक्षिकांनी त्या मुलींना शिकवले आणि ज्या मुली शिकून घरसंसारही नेटका करून दाखवत्या झाल्या, त्या सगळ्यांनी मिळून तो मिळवला.

आता शिक्षकांविषयी. शाळेच्या पहिल्या प्रमुख मिस हर्फर्ड. परदेशातून आलेली ही बाई पुण्यातल्या बायकांना इंग्रजी शिकवीत असे. पंडिता रमाबाईंनीही इंग्रजीचे धडे त्यांच्यापाशी घेतले. पहिली पिढी अशी परक्या बाईच्या हातून घडली, कारण हायस्कूलात शिकवू शकेल अशी आपली बाई मिळणेच दुरापास्त होते. हे चक्र कसे होते पाहा: शिकलेल्या बाया नाहीत म्हणून मुलींना शिकवायला कोणी नाही, आणि मुलींना शिकवायला कोणी नाही म्हणून शिकलेल्या बाया नाहीत. हे चक्र फोडण्याचा एकच उपाय होता. शिकलेल्या मुलीने पुन्हा वर्गात परत यायचे, पण या वेळी फळ्याकडे तोंड करून नव्हे, तर फळ्याला पाठ लावून उभे राहायचे.

शिक्षकाचा पेशा त्या काळी पुण्यात व्रतासारखा धरला जाई. धोंडो केशव कर्वे १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले ते दरमहा ७५ रुपयांवर, आणि १९१४ पर्यंत शिकवत राहिले. याच काळात त्यांनी १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर नेला. तेथे शिकलेल्या कितीतरी विधवा पुढे शिक्षिका झाल्या. घरच्यांनी ज्यांना कोपऱ्यात बसवले होते, त्यांना चार मुलांनी ‘बाई’ म्हणून हाक मारली. ‘बाई’ हा शब्द आपल्याकडे किती साधा, पण त्या एका हाकेने किती जणींचा जन्म उभा राहिला असेल!

एक साधा हिशेब करून पाहा. हुजूरपागेला २०२४ साली १४० वर्षे पूर्ण झाली. एखादी मुलगी शाळेत असते पाच-सात वर्षे. एखादी शिक्षिका मनापासून नोकरी करील तर तीस वर्षे. म्हणजे पाच शिक्षिकांची आयुष्ये एकापुढे एक ठेवली की १४० वर्षे भरतात. पहिलीने दुसरीला पाहिले, दुसरीने तिसरीला. एवढ्या मोठ्या शाळेचा इतिहास पाच बायकांच्या हातांत हात देऊन उभा राहतो. मुलींच्या पिढ्या मात्र या काळात वीसहून अधिक निघून जातात. म्हणूनच मी म्हणते की विद्यार्थिनी शाळेला कीर्ती देतात, पण शाळेला आयुष्य देतात ते शिक्षक.

या शाळेने दिलेल्या कीर्तिमान मुलींपैकी तिघींची ओळख करून देते.

पहिली इरावती. जन्म १९०५ सालचा, दूर ब्रह्मदेशातला. तिथल्या मोठ्या नदीवरून तिचे नाव ठेवले. वडील गणेश हरी करमरकर तिकडे नोकरीस होते. सात वर्षांची पोर शिक्षणासाठी समुद्रापलीकडून पुण्यास हुजूरपागेच्या वसतिगृहात आली. आपण मुलीला बारामतीहून पुण्याला ठेवायचे म्हटले तरी आठ दिवस झोप येत नाही. त्या आईचे काय झाले असेल? तीच मुलगी पुढे फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान शिकली, मुंबईस एम. ए. झाली, बर्लिनहून १९३० साली डॉक्टरेट घेऊन आली. महर्षी कर्व्यांची सून झाली. १९३९ पासून १९७० साली निधन होईपर्यंत डेक्कन कॉलेज हेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. म्हणजे त्याही शिक्षिकाच. महाभारतातल्या माणसांकडे नव्या दृष्टीने पाहणारे त्यांचे ‘युगान्त’ १९६७ साली निघाले आणि पुढल्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणूनही त्यांचे नाव सांगतात. पण आपल्याला त्या अधिक जवळच्या वाटाव्यात त्या आणखी एका गोष्टीसाठी. आळंदीहून निघालेल्या पालखीबरोबर त्या पायी पंढरीला चालत गेल्या आणि त्या वाटचालीवर त्यांनी लिहिले. वारीत एकत्र चालणारी माणसे जेवायला मात्र जातीजातींनी वेगळी बसतात, हे त्यांच्या मनाला लागले. तुकोबांची पालखी दरवर्षी आपल्या दारावरून इंदापूरकडे जाते. आपण वारकऱ्यांना पाणी देतो, भाकरी देतो. पुढल्या वर्षी पाणी देताना त्यांची ही खंतही जरा आठवावी.

दुसरी शकुंतला परांजपे, रँग्लर परांजप्यांची कन्या आणि इरावतीबाईंची शाळेतली मैत्रीण. शाळेच्या बाकावर जुळलेले हे मैत्र इतके पक्के की परांजप्यांचे घर इरावतीचेही घर झाले. शकुंतलाबाई केंब्रिजला गणित शिकल्या, जिनिव्हास आंतरराष्ट्रीय मजूर कचेरीत काम करून आल्या. परत आल्यावर त्यांनी जे काम हाती घेतले, त्याचा उच्चारही त्या काळी चारचौघांत होत नसे. बाईने किती मुलांना जन्म द्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार तिला असला पाहिजे, हे त्या खेडोपाडी जाऊन सांगत. लोक हसले, काहींनी शिव्या दिल्या. त्या डगमगल्या नाहीत. पुढे त्या विधान परिषदेवर होत्या, १९६४ ते १९७० राज्यसभेवर होत्या; १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आज दवाखान्यात जाऊन आपण ज्या गोष्टी निःसंकोचपणे विचारतो, त्या विचारण्याची वाट ज्यांनी पाडली, त्यांत या हुजूरपागेच्या मुलीचा वाटा मोठा आहे.

आणि तिसरी? ती आपली. शांता जनार्दन शेळके. १२ ऑक्टोबर १९२२ रोजी तिचा जन्म झाला तो इंदापुरात. वडील वनखात्यात नोकरीस होते. बालपण पुढे जिल्ह्याच्या उत्तरेकडे, खेड-मंचरच्या बाजूला गेले; पण जन्मगाव ते जन्मगाव, त्याचा हक्क कोणी काढून घेऊ शकत नाही! पुण्यास आल्यावर ती हुजूरपागेत दाखल झाली. तेथून परशुरामभाऊ कॉलेजात गेली, तेथे श्री. म. माटे यांच्यासारखे प्राध्यापक तिला लाभले. १९४४ साली ती एम. ए. झाली. आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग’मध्ये काही वर्षे काम केले आणि नंतर नागपूरला हिस्लॉप कॉलेजात, मुंबईस रुइया व महर्षी दयानंद कॉलेजांत शिकवले.

शांताबाईंचे कर्तृत्व तुम्हांला मी सांगायला हवे असे नाही. ते तुमच्या ओठांवर आहे. रेडिओवर त्यांचे गाणे लागले नाही असे घर आपल्या तालुक्यात नसेल. आजीच्या रेशमी लुगड्याची आठवण सांगणारी त्यांची ‘पैठणी’ ही कविता आपल्या कार्यक्रमांत कितीदा वाचली गेली! ‘चौघीजणी’ हा त्यांनी केलेला अनुवाद आयांनी वाचला, मग लेकींनी वाचला. १९९६ साली आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. कुसुमावती देशपांडे आणि दुर्गाबाई भागवत यांच्यानंतर तो मान मिळालेल्या त्या तिसऱ्याच स्त्री. ६ जून २००२ रोजी त्या गेल्या. इतके मोठेपण मिळूनही त्यांनी आपल्या थोरांची आठवण सोडली नाही. ‘वडीलधारी माणसे’ नावाचे एक पुस्तकच त्यांनी लिहिले. ज्यांच्याकडून आपण घेतले, त्यांची नावे लिहून ठेवावीत, हा धडा त्यांनी असा कृतीने दिला.

या तिघींत एक समान गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. जे मिळाले ते तिघींनी दुसऱ्यांना वाटले. एकीने संशोधन केले आणि शिकवले, एकीने खेडोपाडी जाऊन सांगितले, एकीने कविता केली आणि शिकवले. ज्या शाळेच्या मुली पुन्हा शिकवू लागतात, ती शाळा आपल्या शिक्षकांचे ऋण फेडते.

हिराबागेत निवेदन वाचणाऱ्या रमाबाईंनी पुढे आणखी एक कार्य केले. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. रमाबाई त्याच्या प्रमुख होत्या आणि गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या साहाय्यास होते. या सेवासदनात कोल्हापूरकडील एक मुलगी शिकली. तिचे नाव शारदा. लग्न होऊन ती आपल्या काटेवाडीला आली. याच शारदाबाई पवार. १९३८ साली त्या पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या. शेती, गोठा, मुलांचे दुखणे-खुपणे, हे सगळे सांभाळून त्या बोर्डाच्या बैठकींना जात. डिसेंबर १९४० मध्ये शरद या मुलाचा जन्म झाल्यावर अवघ्या तीन दिवसांच्या बाळाला घेऊन त्या बैठकीला गेल्या, असे शरद पवारांनी स्वतः सांगितले आहे. बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही असे मानणाऱ्या काळातली ही गोष्ट आहे. त्यांच्या मुलांची नावे जगाला ठाऊक झाली. पण त्या मुलांच्या घरातली पहिली शाळा म्हणजे सेवासदनात शिकलेली आई, हे आपण बारामतीकर बायकांनी विसरता कामा नये.

आपल्या बारामतीत महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीचे हायस्कूल आहे. शरद पवार त्याच शाळेचे विद्यार्थी. ही संस्था १८६० सालची. वामन प्रभाकर भावे, लक्ष्मण नरहर इंदापूरकर आणि वासुदेव बळवंत फडके ही तिच्या संस्थापकांची नावे. फडक्यांचे नाव क्रांतिकारक म्हणून सर्वतोमुखी आहे. इंदापूरकरांचे आडनाव आपल्या शेजारच्या गावाचे, पण किती जणींना ते माहीत होते? हातात खडू धरणाऱ्याचे नाव मागे राहते, याचे हे घरचेच उदाहरण.

एके काळी इंदापूर-बारामतीच्या मुलीला पुढे शिकायचे तर पुण्याची वाट धरावी लागे. आज शारदानगरला शारदाबाईंच्याच नावाचे महिला महाविद्यालय उभे आहे. सकाळी एस. टी.तून, सायकलवरून, मोटारसायकलवर भावाच्या मागे बसून मुली तिकडे जाताना दिसतात. जी मुलगी शिकायला दूर गेली, तिच्या नावाने शिक्षण घराजवळ आले. १८८४ सालच्या त्या मागणीचे पाणी असे फिरत फिरत आपल्या वाफ्यात पोहोचले आहे. मात्र सगळे वाफे भिजले, असे समजून निश्चिंत होऊ नये. आजही दहावीच्या आत शाळा सुटलेल्या मुली आपल्या आळीत आहेत. कोणाची शाळा लग्नासाठी सुटते, कोणाची धाकट्या भावंडांसाठी, कोणाची नुसती वाट निर्जन आहे म्हणून.

आता त्या मेळाव्यातल्या बाईंच्या प्रश्नाकडे येते. नववीत लग्न झालेल्या त्या माझ्या वर्गमैत्रिणीची मी चौकशी केली. ती दूर नव्हती, इंदापूर तालुक्यातच होती. भेटायला गेले तेव्हा ती नातीला एस. टी.च्या थांब्यावर सोडायला निघाली होती. नातीच्या पाठीवर दप्तर, हिच्या हातात नातीचा डबा. मी बाईंचे नाव काढले. ती थांबली. तिने बाईंचे पूर्ण नाव, आडनावासह, एका दमात म्हटले आणि विचारले, “बाई आहेत का अजून?” मी म्हटले, “आहेत, तुझी आठवण काढत होत्या.” ती काही बोलली नाही. एस. टी. आली, नात चढली. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती तशीच उभी होती. मग म्हणाली, “पोरीला गणित मीच शिकवते. बाईंनी शिकवलेलं तेवढं राहिलंय.”

भगिनींनो, हुजूरपागेचा इतिहास लिहिताना इरावतीबाई, शकुंतलाबाई, शांताबाई ही नावे सोन्याच्या अक्षरांत लिहावीत, यात शंका नाही. पण ज्या विद्यार्थिनीचे नाव कोणत्याच पुस्तकात येणार नाही, आणि जी तरीही नातीला गणित शिकवते, तिचे नाव बाईंच्या हजेरीपटावर अजून आहे. मला वाटते, शाळेचा खरा इतिहास त्या हजेरीपटात आहे.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. या वर्षी आपण एक वही करावी. प्रत्येक सभासद भगिनीने त्या वहीत आपल्याला शिकवणाऱ्या एका तरी शिक्षिकेचे किंवा शिक्षकाचे पूर्ण नाव, शाळा आणि त्यांनी काय शिकवले, एवढे चार ओळींत लिहावे. ज्या हयात आहेत, त्यांच्या घरी जाऊन त्यांची ओटी भरावी. मंडपाची, माईकची गरज नाही. आणि त्याच वहीच्या दुसऱ्या बाजूने, आपल्या आळीत ज्या मुलीची शाळा सुटली आहे, तिचे नाव लिहावे. पहिल्या बाजूची नावे स्मरणासाठी. दुसऱ्या बाजूची नावे कामासाठी. पुढल्या वर्धापनदिनापर्यंत दुसऱ्या बाजूचे एक जरी नाव आपण खोडू शकलो, तरी हिराबागेत उभ्या राहिलेल्या त्या तरुण सुनेच्या धाडसाला आपण थोडेफार जागलो, असे म्हणता येईल.

वहीचे पहिले पान मी भरून देते. खांबाआड बसलेल्या माझ्या गणिताच्या बाईंचे नाव त्यावर असेल. दुसरी ओळ कोण लिहिणार?